विश्वाचा आरंभ: बाकं बदलून बसलेल्यांचा वाद

विश्व कसं सुरू झालं यावर बोलणं निघालं की माणसं आपसूक दोन बाकांवर बसतात. एका बाकावरचे विचारतात, कर्त्याशिवाय एवढा पसारा उभा राहील का? दुसऱ्या बाकावरचे म्हणतात, महास्फोट झाला, विज्ञानाने सांगितलंय, मग देव मध्ये आणायचं कारण काय? नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे पेटलं की शेवटी कुणीतरी ग्रुप सोडतो, एवढंच त्यातून निघतं.

गंमत अशी, की विसाव्या शतकात हा वाद शास्त्रज्ञांमध्येच पेटला तेव्हा माणसं भलत्याच बाकांवर बसली होती. विश्वाला सुरुवात आहे हे गणितातून मांडणारा माणूस कॅथलिक पाद्री होता. आणि ‘हा तर बायबलचाच वास येतोय’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांत पक्के नास्तिक होते, आइन्स्टाइन होते, एक श्रद्धाळू ख्रिस्तीही होता. या वादातले बरेच गैरसमज ती हकीकत ऐकली की आपोआप गळून पडतात, म्हणून आधी तीच सांगतो.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १८९४ मध्ये बेल्जियममधल्या शार्लरॉ शहरात झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात लढले. युद्ध संपल्यावर गणित आणि धर्मशास्त्र दोन्ही शिकले. १९२३ मध्ये त्यांनी पाद्रीपदाची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांच्याकडे खगोलशास्त्र शिकायला गेले. एडिंग्टन म्हणजे १९१९ च्या ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून वाकतो हे मोजून आइन्स्टाइनना जगप्रसिद्ध करणारे शास्त्रज्ञ. लमेत्र यांना त्यांच्याकडे आइन्स्टाइनची समीकरणं पार आतून कळली.

ती समीकरणं गुरुत्वाकर्षणाची. आइन्स्टाइननी ती १९१५ मध्ये मांडली आणि १९१७ मध्ये सबंध विश्वाला लावून पाहिली, तेव्हा अडचण निघाली. समीकरणांप्रमाणे विश्व स्वस्थ बसायला तयार नव्हतं. पण विश्व स्थिर असतं, असं तेव्हा सगळेच मानत. म्हणून आइन्स्टाइननी समीकरणात एक जादा पद घातलं आणि विश्वाला जागच्या जागी बसवलं. १९२२ मध्ये रशियाच्या अलेक्सांद्र फ्रीडमन यांनी दाखवलं की विश्व पसरतंय असं मानलं तरी समीकरणं बिनतक्रार सुटतात. पण ते झालं निव्वळ गणित. फ्रीडमन १९२५ मध्ये वारले आणि त्यांचं काम बाजूला पडलं.

लमेत्र यांना फ्रीडमनच्या कामाची कल्पना नव्हती. १९२७ मध्ये ते स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले आणि तिथून एक पाऊल पुढे गेले. दूरच्या दीर्घिकांच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांच्या, प्रकाशातल्या रेषा वर्णपटाच्या तांबड्या बाजूला सरकलेल्या दिसतात, हे तोवर दुर्बिणींनी नोंदवलं होतं. याचा अर्थ त्या दीर्घिका आपल्यापासून लांब चालल्या आहेत. लमेत्र यांचं म्हणणं असं, की दीर्घिका अवकाशातून पळत नाहीत, मधलं अवकाशच ताणलं जातंय. पायजम्याच्या इलॅस्टिकवर पेनाने ठिपके काढा आणि ते ताणा. शेजारचा ठिपका थोडा सरकतो, चार ठिपके पलीकडचा चौपट सरकतो. कुठल्याही ठिपक्यावर बसून पाहिलं तरी हेच दिसतं, म्हणून या पसरण्याला मधोमध असा बिंदू नाही. जितकं अंतर जास्त तितका वेग जास्त, हा नियम लमेत्र यांनी समीकरणांतून काढला आणि उपलब्ध निरीक्षणांवरून वेगाचा आकडाही दिला.

निबंध फ्रेंचमध्ये होता आणि ब्रुसेल्सच्या ज्या नियतकालिकात छापला ते बेल्जियमबाहेर फार कुणी वाचत नसे. त्याच वर्षी ब्रुसेल्सला आइन्स्टाइन भेटले. लमेत्र यांच्याच आठवणीनुसार ते म्हणाले, तुमचं गणित बरोबर आहे, पण भौतिकी भयंकर आहे. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, एडविन हबल यांनी अमेरिकेतून निरीक्षणांच्या जोरावर तोच नियम मांडला आणि तो हबलच्या नावाने पाठ्यपुस्तकांत गेला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने मतदान घेऊन त्याला हबल-लमेत्र नियम म्हणावं अशी शिफारस केली. उशीर झाला, पण झालं एकदाचं.

विश्व पसरतंय, तर मागे मागे जाताना ते आवळत गेलं पाहिजे. मे १९३१ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात लमेत्र यांचं छोटंसं पत्र छापून आलं. आरंभी विश्वातली सगळी ऊर्जा एकाच कणात होती, त्याला ते पुढे आदिम अणू म्हणू लागले, आणि तो फुटत फुटत हे सगळं झालं, असं त्यात म्हटलं होतं. त्या पहिल्या अवस्थेत ‘आधी’ आणि ‘नंतर’ या शब्दांनाही अर्थ नसणार, असंही.

या पत्राचा टंकलिखित मसुदा जपून ठेवलेला आहे. त्याच्या शेवटी एक परिच्छेद आहे: परमेश्वर हा मुळात दडलेलाच असतो असं मानणाऱ्या भाविकाला, भौतिकीने निर्मितीवर पडदा टाकलेला पाहून बरंच वाटेल. लमेत्र यांनी त्यावर काट मारली. छापील पत्रात देवाचं नाव नाही. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा दस्तऐवज हाच. मनात काय होतं ते आपल्याला कळतं आणि शास्त्राच्या पानावर काय जाऊ द्यायचं नाही हे त्या माणसाला किती स्पष्ट होतं, तेही कळतं.

ही काट इतरांना कुठे दिसणार? त्यांना दिसत होता तो पाद्र्याचा झगा. आरंभाची कल्पना काढताच आइन्स्टाइन म्हणाले की यातून निर्मितीची फारच सूचना होते, असं लमेत्र यांनी नमूद केलंय. एडिंग्टननी तर आपल्याच शिष्याची कल्पना तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने आपल्याला किळसवाणी वाटते असं लिहिलं. एडिंग्टन स्वतः क्वेकर पंथाचे निष्ठावान ख्रिस्ती होते! म्हणजे भाविकाला आरंभ आवडतो आणि नास्तिकाला आवडत नाही, असंही सरळ गणित नाही. सोव्हिएत राज्यकर्त्यांना मात्र काहीच शंका नव्हती. त्यांच्या लेखी शून्यातून विश्व झालं ही पाद्र्यांची परीकथाच होती.

विरोधकांचे मेरुमणी म्हणजे फ्रेड हॉइल. १९४८ मध्ये त्यांनी, आणि हरमन बाँडी व थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व पसरतं हे त्यांना मान्य होतं. पण दीर्घिका लांब जाताना मधल्या जागेत नवं द्रव्य अगदी हळूहळू निर्माण होतं, त्याच्या नव्या दीर्घिका बनतात, म्हणून विश्व सर्व काळी सारखंच दिसतं. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. ‘बिग बँग’ हे नावही हॉइल यांचंच. १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना त्यांनी विरोधी सिद्धांताला तसं म्हटलं आणि नाव चिकटलं.

हॉइल नास्तिक होते आणि आरंभाच्या कल्पनेत त्यांना धर्म दिसे. पण म्हणून त्यांचा विरोध निव्वळ अढीपोटी होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. महास्फोटाच्या सिद्धांतात तेव्हा खरीखुरी खोट होती. हबलच्या आकड्यांवरून विश्वाचं वय सुमारे २०० कोटी वर्षं निघत होतं, आणि खडकांतल्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून पृथ्वी त्याहून म्हातारी ठरत होती. आईपेक्षा लेक मोठी, असा प्रकार. चूक दीर्घिकांच्या अंतरांत होती. १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी अंतरं दुप्पट केली, तेव्हा वयही दुपटीने वाढलं. पुढे आणखी दुरुस्त्या होत होत ते आज १३८० कोटी वर्षांवर आलंय. पण १९४८ साली हॉइल यांची शंका रास्तच होती.

याच गरम वातावरणात, २२ नोव्हेंबर १९५१ रोजी, पोप बारावे पायस आपल्या विज्ञान अकादमीपुढे बोलायला उभे राहिले. आधुनिक विज्ञान कोट्यवधी वर्षं मागे जाऊन ‘प्रकाश होवो’ या आद्य आज्ञेची साक्ष देतंय, अशा अर्थाचं ते भाषण होतं. आता कल्पना करा, एखाद्या शास्त्रज्ञाच्या सिद्धांताचं कौतुक साक्षात त्याच्या धर्माच्या प्रमुखाने केलं, तर त्याला काय वाटेल?

लमेत्र अस्वस्थ झाले. महास्फोट हे तेव्हा एक गृहीतक होतं, समोर दुसरं तुल्यबळ गृहीतक उभं होतं आणि निकाल लागायचा होता. श्रद्धेची खुंटी अशा ठिकाणी ठोकली आणि उद्या भिंतच पडली तर? शिवाय आपला सिद्धांत पोपचा सिद्धांत ठरला, की त्याच्याकडे शास्त्र म्हणून कुणी बघणार नाही, ही दुसरी भीती. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे संचालक डॅनिएल ओकॉनेल यांच्याशी त्यांनी बोलणं केलं. १९५२ च्या सप्टेंबरात रोमला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले, त्यांच्यापुढे पोप पुन्हा बोलले, पण तो दावा पुन्हा केला नाही. लमेत्र यांच्यावर राग धरला गेला असंही नाही. १९६० मध्ये ते त्याच अकादमीचे अध्यक्ष झाले.

सगळी मेख इथे आहे. विश्वाचा पहिला क्षण शोधणं आणि विश्व मुळात आहे तरी का हे विचारणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मोजमापाने मिळू शकतं. दुसऱ्याचं मोजमाप कसं करणार? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने हे स्वच्छ सांगितलं होतं: जगाला आरंभ आहे हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचं, आणि जग अनादि असतं तरी ते ईश्वरावरच अवलंबून असतं. म्हणजे त्यांच्या लेखी निर्मिती ही कधीतरी घडून गेलेली घटना नव्हे, तो प्रत्येक क्षणाचा आधार. हे पटो न पटो, पण असा ईश्वर मानणाऱ्याला महास्फोट सिद्ध झाल्याने फायदा नाही आणि स्थिर स्थिती सिद्ध झाली असती तर तोटाही नाही. लमेत्र याच वळणाचे होते. आपला सिद्धांत धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांच्या पूर्ण बाहेर राहतो, भौतिकवाद्याला परमेश्वर नाकारायला तो मोकळा ठेवतो, हे त्यांनी १९५८ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

निकाल लागला तो कुणाच्या श्रद्धेने नाही. विश्व पूर्वी तापलेलं असेल तर त्या उष्णतेची धग आजही सगळीकडून यायला हवी, पसरून पसरून पार थंड झालेली. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हरमन यांनी १९४८ मध्ये तिचं तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तेवढ्या सर्वांत कमी तापमानाच्या, वर साधारण पाच अंश वर्तवलं होतं. १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या होमडेलला आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना एका मोठ्या शिंगासारख्या अँटेनात अखंड खरखर ऐकू येऊ लागली. आकाशात कुठेही वळवा, दिवसा ऐका, रात्री ऐका, तीच खरखर. अँटेनात कबुतरांनी घरटं केलं होतं, त्यांना हाकललं, विष्ठा धुऊन काढली, तरी खरखर कायम. जवळच्याच प्रिन्स्टनला काही भौतिकशास्त्रज्ञ नेमकी हीच धग शोधायच्या तयारीत होते. दोघांची गाठ पडली आणि १९६५ मध्ये बातमी फुटली. आजचा मोजलेला आकडा २.७ अंश आहे. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सुटलेला हा प्रकाश आहे.

लमेत्र तेव्हा आजारी होते. जून १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं, त्याच्या थोडेच दिवस आधी ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली.

दुसरा पुरावा हेलियमचा. विश्वातल्या साध्या द्रव्यात वजनाने सुमारे पाव भाग हेलियम आहे. ताऱ्यांच्या पोटात एवढं हेलियम तयार होणं शक्य नाही, तापलेल्या बालविश्वात मात्र हिशेब जुळतो. आणि ही अडचण १९६४ मध्ये ठळकपणे मांडणाऱ्या निबंधावर रॉजर टेलर यांच्याबरोबर दुसरं नाव कुणाचं होतं? फ्रेड हॉइल यांचं. स्वतःच्या सिद्धांताला नडणारा हिशेब त्यांनी स्वतः करून छापला.

हॉइल यांचं नाव आलं की मराठी वाचकाला जयंत नारळीकर आठवणारच. कोल्हापूरला १९३८ मध्ये जन्मलेले नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी आणि मग सहकारी झाले. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी जुन्या सिद्धांताची सुधारित आवृत्ती काढली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक म्हणून अख्ख्या देशाला खगोलशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाने महास्फोटावरचे आक्षेप कधी सोडले नाहीत. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटले नाहीत, कारण त्या सर्वदूर येणाऱ्या थंड प्रकाशाचं स्पष्टीकरण महास्फोटात जितकं सरळ बसतं तितकं तिथे बसत नाही. पण आपल्याकडे काही जण ‘नारळीकरांनीसुद्धा महास्फोट मानला नाही’ हे वाक्य पुराणांच्या समर्थनाला वापरतात, ते मला खटकतं. फलज्योतिषाची चाचणी घेऊन निकाल छापणारा माणूस होता तो. त्यांचा आक्षेप निरीक्षणांवर होता आणि उत्तरही त्यांना निरीक्षणांतूनच हवं होतं.

महास्फोटाचा सिद्धांत सांगतो तरी किती, हेही पाहू. विश्व आधी तापलेलं आणि दाट होतं, ते पसरत आणि निवत गेलं, हे तो पुराव्यानिशी सांगतो. रिकाम्या जागेत बॉम्ब फुटल्यासारखं काही झालं असं तो सांगत नाही, कारण जागा स्वतःच पसरतेय. ‘काहीच नव्हतं आणि त्यातून सगळं झालं’ हेही तो सांगत नाही. सेकंदाला एकावर ४३ शून्यं देऊन होणाऱ्या संख्येने भागल्यावर येतो, तेवढ्या सुरुवातीच्या क्षणापर्यंत मागे गेलं की आइन्स्टाइनची समीकरणं चालेनाशी होतात. तिथे गुरुत्वाकर्षणाचा पुंजसिद्धांत (क्वांटम सिद्धांत) लागेल आणि तो अजून कुणाच्या हातात नाही. आधीचं विश्व आकुंचन पावून उसळलं, किंवा काळालाच तिथे कडा नाही, अशा कल्पना आहेत, पण निकाल लावील असं निरीक्षण नाही. या रिकाम्या जागेत ‘म्हणजे देवच’ असं भरणारा आणि ‘म्हणजे आपोआप’ असं भरणारा, दोघेही पुराव्याच्या पुढे धावतात.

आणि ‘धर्म म्हणतो’ हे तरी एक आहे का? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाचा प्रश्न विचारत विचारत शेवटी परम व्योमातल्या अध्यक्षाला तरी हे ठाऊक असेल की नाही, अशी शंका घेऊन थांबतं. जैन दर्शनात विश्व अनादि आहे, त्याला निर्माताच नाही. मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, वेदांना सर्वोच्च प्रमाण मानूनही जग कुणी घडवलं हे मानत नाहीत. म्हणजे आपल्याच परंपरेत लमेत्र यांचे विरोधक दोन-अडीच हजार वर्षं आधी बसलेत म्हणायचे!

कल्पाच्या आकड्याचंही असंच. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, तो ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी, बघा कसं जवळपास जुळतं, हा मेसेज बहुतेकांना आलेला असेल. पण पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात तो नीट ऐका: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग. म्हणजे चालू दिवस संपलेला नाही, चौदापैकी सातवं मन्वंतर चाललंय. परंपरेच्या हिशेबाने या कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षं झालीत. पृथ्वीच्या वयाशी ४३२ जुळवणारा संकल्पच विसरतो. माणसाच्या आवाक्याबाहेरच्या काळाची कल्पना त्या लोकांनी केली हे मोठंच आहे. त्याला खडकांच्या मोजणीचं प्रमाणपत्र चिकटवायची गरज नाही.

जुळवाजुळवीत आणखी एक धोका आहे, लमेत्र यांना १९५१ मध्ये दिसला तोच. विश्व पसरायचं थांबून पुन्हा आकसेल ही शक्यता खगोलशास्त्रात बरीच वर्षं खुली होती, तेव्हा प्रलय आणि पुनर्निर्मितीच्या चक्राला विज्ञानाचा दुजोरा मिळाला असं सांगितलं जाई. १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून दिसलं की पसरण्याचा वेग कमी होत नाही, उलट वाढतोय. आकसण्याची गोष्ट मागे पडली. २०२४ आणि २०२५ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरच्या डेसी प्रकल्पाने लाखो दीर्घिकांची अंतरं मोजून सुचवलं की हा वेग वाढवणारी अज्ञात ऊर्जा कदाचित काळानुसार क्षीण होत असेल. पुरावा अजून निर्णायक नाही, आणखी मोजणी चालू आहे. प्रलयाचा दाखला आधी काढलेला, मग गुंडाळून ठेवलेला, आता पुन्हा बाहेर काढणारे मेसेज यायला लागले असतील, तर त्यात नवल नाही.